न्हाणीघरातला उजेड

घराविषयी लिहायला बसलं की आपण माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांच्यावर पानंच्या पानं भरतो. न्हाणीघर मात्र राहून जातं, आणि त्यातल्या दिव्याला तर कोणी विचारतच नाही. पण गेला महिनाभर आमच्याकडे ‘बाथरूमच्या छतात स्पॉटलाइट किती आणि कुठे’ यावर इतका खल झालाय, की म्हटलं हा उजेड छतापर्यंत पोचला तरी कसा, ते एकदा बघूच!

छतातून उजेड घेणं तसं जुनंच. स्पेनमधल्या ग्रनाडाच्या अलहांब्रा राजवाड्यात चौदाव्या शतकातला हमामखाना आहे. त्याच्या छताला ताऱ्यांच्या आकाराचे झरोके आहेत. इस्तंबूलच्या चेंबरलिताश हमामाच्या (१५८४) घुमटातही काचा बसवलेले गोल झरोके आहेत. तुर्की लोक त्यांना ‘हत्तीचे डोळे’ म्हणतात. कारण साधं आहे. भिंतीला खिडकी ठेवली तर ऊबही जाते आणि आडोसाही.

आपल्याकडे प्रकार वेगळा. वाड्यातली न्हाणी मागच्या अंगाला. शेजारी तांब्याचा बंब आणि कोनाड्यात रॉकेलची चिमणी. उजेड थोडाच, पण तो बाजूने येई. दिवाळीच्या पहाटे उटणं लावताना समोरच्याचा चेहरा आणि पायाखालची फरशी, दोन्ही त्यात दिसत.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ मध्ये. क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले १८८२ मध्ये. वीज आणि ट्राम चालवणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली १९०५ मध्ये. राज्याचं वीज मंडळ तर १९६० चं. वीज घरात आली तरी न्हाणीघराचा नंबर शेवटचा असायचा. लाकडी पट्टीवरून वायर ओढत आणायची आणि दाराच्या वर, भिंतीवर एक होल्डर ठोकायचा, झालं! त्यात पिवळा बल्ब, आणि काटकसरी घरात ‘झिरो’चा. (हा झिरो प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खायचा, ते सोडा.) कोनाड्यातला दिवा असा डोक्यावर आणि पाठीमागे गेला. पाटावर बसलं की आपलीच सावली बादलीत!

मग आले फ्लॅट. वरच्या मजल्याच्या मोरीचे पाइप झाकायला फॉल्स सीलिंग आलं. पोकळ छत मिळाल्यावर त्यात भोकं पाडून दिवे बसवायची सोय झाली. दोन इंच व्यासाचा तो हॅलोजन स्पॉट, एमआर-१६, मुळात स्लाइड प्रोजेक्टरसाठी बनवलेला. तो दुकानांत शिरला आणि तिथून घरांत. पण तापायचा भारी. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता, आणि तो चांगला प्रखर मिळायला १९९० चं दशक उजाडलं. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हापासून छताची चाळणी करायला सगळे मोकळे!

आमच्या इलेक्ट्रिशियनचा बेत असाच होता: सारख्या अंतरावर सहा स्पॉट, दोन रांगांत. दिसायला सुरेख. पण स्पॉटचा उजेड शंकूसारखा पसरतो. छत आठ फुटांवर आणि दिव्याचा कोन ३६ अंशांचा असेल, तर जमिनीवर सव्वापाच फुटांचं वर्तुळ पडतं. चेहऱ्याच्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांवर, तेच वर्तुळ जेमतेम दोन फुटांचं होतं. बेसिनपाशी दिवा बरोबर डोक्यावर आला तर कपाळ उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. नाटकवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मेकअपच्या आरशाभोवती बल्ब लावतात ते उगीच नाही.

आणि खरा प्रश्न आईचा होता. ती आता आमच्याकडेच राहायला येतेय, वय ७९. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं डोळ्यांचं शास्त्र सांगतं. म्हणजे उजेड जास्त हवा. पण मोतीबिंदू असला तर उघडा, टोकदार दिवा डोळ्यांत पसरतो, आणि ओल्या चकचकीत फरशीवर त्याची तिरीप पडली की पाणी कुठे आणि कोरडं कुठे तेच कळत नाही. या वयात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलंय.

“पाऊल कुठे पडतंय ते दिसलं की बास. मला काही नाटकात काम करायचं नाहीये,” आई म्हणाली.

शेवटी सहाचे तीन झाले. एक अंघोळीच्या जागी, पण बसणाऱ्याच्या समोरच्या अंगाला, म्हणजे सावली मागे पडेल. एक कमोडच्या पुढे आणि एक दारातून आत पाऊल पडतं तिथे. तिन्ही रुंद कोनाचे आणि दुधी काचेचे. शॉवरपाशी सव्वादोन मीटर उंचीपर्यंत दिवा असेल तर तो किमान पाण्याचे शिंतोडे सोसणारा हवा असा संकेत आहे. आमचा दिवा त्याच्या जरा वर आहे, तरी घेतला आयपी-६५ चाच. पूर्ण लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे.

आणि रात्रीसाठी एक मंद, पिवळा, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीत छोटा कोनाडा करून. इलेक्ट्रिशियनला त्याचं फार नवल वाटलं. “इतक्या खाली कशाला?” म्हणाला. आईला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. उद्या तिलाच उभं करून जागेवर खडूची खूण करून घेणार आहे.