वाटाण्याच्या दाण्याचा रंग

वाटाण्याचा पिवळा वा हिरवा रंग सालीचा नसून आतल्या बीजपत्रांचा, म्हणजे डाळीचा असतो. हा भेद ध्यानात घ्यायलाच हवा. साल आईझाडाची, डाळ पुढच्या पिढीची. म्हणून संकरित झाडाच्या एकाच शेंगेत दोन्ही रंगांचे दाणे निघतात. ग्रेगोर मेंडेलला अशा झाडांवर ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे दाणे मिळाले (निबंध १८६६), म्हणजे जवळजवळ तीनास एक. यामागचे जनुक २००७ मध्ये ओळखले गेले. दाणा पिकताना हरितद्रव्य मोडण्यास ते लागते. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच दाणा हिरवा राहतो. भाजीचे कोवळे दाणे मात्र दोन्ही वाणांत हिरवेच असतात. सालीचा तपकिरी रंग वेगळ्या जनुकावर अवलंबून असून त्याच जनुकामुळे फुले जांभळी होतात.