कार्बुरेटर आणि मंदगतीचा प्रश्न

मोटारगाडीच्या इतिहासात वेग व अश्वशक्ती यांची वर्णने विपुल आढळतात. गाडी उभी असताना इंजिन बंद न पडता संथपणे कसे चालू राहावे, हा प्रश्न मात्र सहसा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः कार्बुरेटरची घडण आणि त्याचा अस्त या दोहोंवर याच प्रश्नाचा ठसा उमटलेला आहे.

'कार्बुरेट करणे' हा शब्दप्रयोग मोटारीहून जुना होय. एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या वायूत हायड्रोकार्बनांची वाफ मिसळून त्याचा प्रकाश वाढविण्याच्या क्रियेस तो लावीत. नाव कार्बनशी संयोग सुचविते. प्रत्यक्षात कार्बुरेटरमध्ये रासायनिक संयोग होत नाही, केवळ इंधन व हवा यांचे मिश्रण होते. कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून उठणारी वाफच हवेत मिसळे. 1893 मध्ये हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, इंधनाचा फवारा उडविणारी योजना पुढे आणली.

या योजनेत हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तिचा दाब घटतो व तोटीतून पेट्रोल ओढले जाते. परंतु झडप जवळजवळ मिटली की गळ्यातील प्रवाह मंदावतो आणि फवारा थांबतो. त्याच वेळी झडपेच्या इंजिनाकडील बाजूस मात्र तीव्र निर्वात निर्माण होतो. या निर्वाताचा उपयोग करून तेथे सूक्ष्म जेटचा स्वतंत्र मार्ग व मिश्रण नियमित करणारा स्क्रू बसविण्यात आला. सिलिंडरमध्ये जळलेल्या वायूचा अंश उरत असल्याने मंदगतीस मिश्रण काहीसे समृद्ध लागते. स्क्रू फिरवूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नसेल, तर जेट तुंबलेला असणे, गास्केटमधून हवा शिरणे किंवा झडप प्रमाणाबाहेर उघडी असणे, ही कारणे संभवतात.

अमेरिकेतील हौशी कारागिरांनी गाडीचा वेग वाढविण्यासाठी झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारे कॅमशाफ्ट बसविले, तेव्हा मंदगतीचा निर्वात क्षीण झाला. झडप उघडून हवा पुरवावी, तर मधल्या टप्प्याची छिद्रे अवेळी उघडी पडत. म्हणून कित्येकांनी झडपेच्या पत्र्यातच बारीक छिद्र पाडून हवा दिली व झडप पूर्ववत मिटू दिली.

पुढे हा स्क्रू कायद्याच्या कक्षेत आला. अमेरिकेत 1968 च्या गाड्यांपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांवर संघराज्याच्या मर्यादा लागू झाल्या, आणि पुढे स्क्रूंवर मर्यादक टोप्या दिसू लागल्या. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनी मंदगतीच्या अवस्थेतच कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे ठरविले: चारचाकी पेट्रोल गाडीस 3 टक्के, दुचाकी व तीनचाकीस 4.5 टक्के. त्यामुळे कानाने लावलेली चाल आणि यंत्राने मोजलेला धूर यांचा मेळ घालणे हे मेस्त्रीचे कर्तव्य झाले.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतही इंधन-अंतःक्षेपणाने कार्बुरेटरची जागा घेतली. बोटांनी होणारे संतुलन संगणकाकडे गेले. झडप मिटली असता इंजिनास हवा व इंधन कोणत्या प्रमाणात द्यावे, हा मूळचा प्रश्न मात्र त्यालाही सोडवावाच लागतो.