नायकाचे वार्धक्य आणि मालिकेचा काळ

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचा नायक सहसा वृद्ध होत नाही. त्याच्या या चिरतारुण्याचे कारण मालिकेच्या रचनाबंधात शोधावे लागते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७-१९९४) या अमेरिकी मालिकेचे १७८ भाग बव्हंशी स्वयंपूर्ण होते. भाग संपताना ‘एन्टरप्राइज’ हे यान पूर्वस्थितीला येई आणि कप्तान ज्याँ-लूक पिकार्ड नव्या प्रसंगास सामोरा जाई. १९९४ च्या अखेरच्या भागात द्राक्षमळ्यात राहणारा, मेंदूच्या विकाराने ग्रस्त असा वृद्ध पिकार्ड दिसतो खरा. परंतु तो केवळ एक संभाव्य भविष्यकाळ होता.

२०२० साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’ या मालिकेने ही शक्यता वास्तव मानून प्रारंभ केला. पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचे वय तेव्हा ७९ होते. कादंबरीकार मायकल शेबॉन यांच्या सूत्रसंचालनाखालील पहिल्या पर्वात वार्धक्याला नैतिक आशय लाभतो. सूर्याच्या स्फोटाने निर्वासित होऊ घातलेल्या रोम्युलनांना वाचविण्याचे कार्य ‘स्टारफ्लीट’ अर्ध्यावर सोडते. पिकार्ड निषेधार्थ राजीनामा देतो आणि मळ्यात परततो. संस्थेचे स्खलन आणि त्यानंतरची स्वतःची निष्क्रियता, असे दुहेरी ओझे त्याच्या वयावर आहे. प्रदीर्घ, सलग कथनामुळेच हे शक्य झाले.

मात्र याच पर्वाच्या शेवटी मालिका आपल्या आशयसूत्रापासून ढळते. पिकार्ड मरण पावतो, आणि त्याची जाणीव एका कृत्रिम देहात संक्रमित केली जाते. या देहाला नैसर्गिक आयुर्मर्यादा आहे, असे आवर्जून सांगितले जाते. तरीही मृत्यूचा परिणाम पुसला जातोच. त्याच भागात डेटा या यंत्रमानवाची जतन केलेली जाणीव आपला शेवट व्हावा अशी विनंती करते, कारण मर्यादेवाचून जगण्याला अर्थ नाही अशी तिची धारणा आहे. पिकार्ड ती विनंती मान्य करतो. यंत्राला बहाल केलेली सांतता माणसाला मात्र नाकारली जाते. हा अंतर्विरोध संहितेत अनुत्तरितच राहतो.

२०२३ च्या तिसऱ्या व अखेरच्या पर्वात जुने सहकारी आणि जुन्या यानाचे नियंत्रणकक्ष पुन्हा अवतरतात. प्रेक्षकाला त्यातून लाभणारा आनंद खोटा नाही. परंतु २०२० च्या प्रारंभी उपस्थित झालेला प्रश्न, वचनभंगाला साक्षी असलेल्या वृद्धाने उरलेल्या काळात काय करावे, तो या पुनर्मीलनात मागे पडतो. वृद्ध नायकाच्या पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन याच प्रश्नाच्या आधारे व्हावयास हवे.