सागवान ओळखायचंय? पॉलिश नाही, फळीचं टोक बघा!

'शंभर टक्के सागवान' म्हणून घेतलेल्या दरवाजाच्या चौकटीतून एक-दोन पावसाळ्यांतच बारीक भुकटी गळायला लागते. असं का होतं? रंग आणि पॉलिश चढवलं की आंब्याची फळीही सागासारखी दिसते. म्हणून लाकूड पारखायचं ते पॉलिशच्या आधी.

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती फळीच्या कापलेल्या टोकावर. धारदार पटाशीने तिथला पातळ थर काढा, ओलं बोट फिरवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. सागात वाढीची वलयं दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. आंबा, बाभूळ, शिसवी यांत अशी रांग नसते, छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात. मात्र बकाणाच्या लाकडातही अशी रांग असते, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावू नका. ताजा रंधा मारलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट, मेणचट लागतं. हा वास पॉलिशखाली दबून जातो.

बाकीची लाकडं ओळखणं त्यामानाने सोपं. शिसवी जड, जांभळट-काळसर पट्ट्यांची. बाभूळही जड, पण तांबूस. फणस ताजा असताना पिवळाधमक असतो आणि वर्षं जातील तसा तपकिरी होतो. 'आफ्रिकन टीक' नावाने मिळणारं इरोको हा साग नव्हेच, ते फणसाच्या कुळातलं झाड!

आता खरी मेख. लाकूड अस्सल सागाचं असूनही भुंगा लागू शकतो. सागाचा टिकाऊपणा सोनेरी-तपकिरी गाभ्यात असतो. सालीलगतचा फिकट पिवळसर भाग किडीला सहज बळी पडतो. कोवळ्या झाडाच्या फळीत हा भाग जास्त येतो आणि रंग लावून तो लपवताही येतो. त्यामुळे फळीच्या दोन्ही कडा नीट बघा.

तयार फर्निचर घेत असाल तर वरच्या बाजूच्या रेषा कडेवरून खाली टोकावर उतरतात का, ते तपासा. कडेपाशीच तुटत असतील तर बहुधा वर सागाचा पातळ पापुद्रा आणि आत प्लाय आहे. कडेला पट्टी मारलेली असेल, तर ड्रॉवर काढून मागची बाजू बघा. तिथे सहसा कोणी पॉलिश करत नाही.