वृक्षादनी की वृक्षरुहा?

वाचकहो, साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावी जुना आंबा किंवा मोह असला, तर एकदा त्याच्या फांद्यांकडे नीट पाहा. पट्ट्यासारखी लांब, जाड, मधोमध दुमडलेली पाने आणि हवेत लोंबणाऱ्या जाड पांढुरक्या मुळ्या दिसल्या, तर तो वंदा समजावा. पूर्व विदर्भात आढळणारे हे एक ऑर्किड. उन्हाळ्याच्या सुमारास याला पिवळसर, तपकिरी चौकड्यांची सुवासिक फुले येतात. पण आपण त्याला सरसकट बांडगूळ म्हणतो आणि झाडाच्या काळजीपोटी कोयत्याने उतरवतो. हा आरोप खरा आहे का? नावाचा इतिहास पाहू या.

अमरकोशात वंदा या शब्दाचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत एक आहे वृक्षादनी, म्हणजे झाड खाणारी. दुसरा वृक्षरुहा, म्हणजे झाडावर वाढणारी. खाणारी आणि नुसती राहणारी, दोघींना एकाच पंगतीला बसवले. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याचे न्यायाधीश व संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी काही भारतीय वनस्पतींची टिपणे केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1795 साली छापली गेली. त्यांत वंदा हे नाव आहे, लोकभाषेतले बांदाही आहे. हे नाव झाडावर पोसणाऱ्या साऱ्याच वनस्पतींना लावतात, असेही त्यांनी नोंदले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनी याच ऑर्किडचे चित्र व वर्णन ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ या नावाने प्रसिद्ध केले. एपिडेंड्रम म्हणजे ग्रीक भाषेत ‘झाडावर’. आपली वृक्षरुहाच की! टेसेलाटम म्हणजे चौकड्यांचे. 1820 साली रॉबर्ट ब्राउन यांनी ‘वँडा’ या नावाची प्रजाती शास्त्रात रूढ केली. आज हे ऑर्किड जगभर ‘वँडा टेसेलाटा’ म्हणून ओळखले जाते. संस्कृत शब्द सातासमुद्रापार गेला, पण घरी मात्र बदनामी तशीच राहिली.

आता खरी गोष्ट ऐका. बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरतात, झाडाचे पाणी व क्षार ओढतात. जोडाशी गाठ येते आणि पुढची फांदी वाळू लागते. वंद्याची मुळे सालीला नुसती चिकटतात, आत शिरत नाहीत. त्यांच्यावर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पावसाचे पाणी ते झटकन टिपून घेते. सालीवर साचलेल्या धुळीपाल्यातून क्षार मिळतात. अन्न तर पानेच उन्हात तयार करतात. तेव्हा वंदा हा भाडेकरू आहे, चोर नव्हे.

मग एक उपटला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर 1899 साली फ्रान्समध्ये मिळाले. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नाची शिदोरी नसते. निसर्गात एका सूक्ष्म बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, हे नोएल बर्नार यांनी तिथल्या एका ऑर्किडवरून दाखवले. एका बोंडात बिया असंख्य, पण योग्य साल, ओल आणि बुरशी यांची गाठ क्वचितच पडते. त्यानंतरही फुलावर यायला वर्षे लागतात. जुना आंबा तुटला की त्याच्यावरचा हा सारा संसारही मोडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना अशा झाडाखाली न्या आणि दोनच प्रश्न विचारा: मूळ सालीवर आहे की लाकडात शिरले आहे? फांदीला गाठ आली आहे का? शेतकरी मंडळींनी बांडगुळावर कोयता जरूर चालवावा, पण आधी ही ओळख पटवून घ्यावी. आणि वादळात फांदी मोडून वंदा खाली आला, तर त्याला मातीत पुरू नका, मुळे कुजतील. पावसाळ्याच्या तोंडाशी दुसऱ्या आंब्याच्या खडबडीत सालीवर, विरळ सावलीत, सुतळीने बांधा. नवी मुळे सालीला धरली की सुतळी सोडून टाका.