डोळा, भिंग आणि संगणक

'चाळिशी' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वय, आणि दुसरा त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्मा. चाळिशी उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळचे अक्षर पुसट दिसते, पोथी हातभर लांब धरावी लागते. आता सांगा, ज्यांचे पोट नजरेवर चालते त्या छायाचित्रकारांनी तेव्हा काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात मिळते.

एकोणिसाव्या शतकातला छायाचित्रकार तिपाईवर लाकडी कॅमेरा ठेवी, डोक्यावर काळे फडके घेई आणि मागच्या दुधी काचेकडे पाही. काचेवर चित्र उलटे दिसे. डोके खाली, पाय वर. ते रेखीव झाले की नाही, हे भिंग धरून त्यानेच ठरवायचे. नजर चुकली की संपलं, मेहनत वाया!

पण त्याच काळात काही शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने निघाले. डोळा कसा पाहतो, हे ओळखून त्यावरून साधन घडवायचे, ही ती वाट. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे दाखवली. एक तांबड्या, एक हिरव्या आणि एक निळ्या द्रावणातून घेतलेले. तिन्ही पडद्यावर एकावर एक टाकताच फितीचे रंग उमटले. डोळाही या तीन रंगांच्या जाणिवेतूनच बाकीचे रंग जुळवतो, असे त्यांना दाखवायचे होते. आजचा संगणकाचा पडदा याच तीन रंगांवर चालतो.

संगणकात पहिले छायाचित्र गेले ते १९५७ साली. अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाच्या फोटोचे आडवे-उभे १७६ ठिपके पाडले आणि ते यंत्राला आकड्यांत सांगितले. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत! पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना एका रंगमांडणीचे पेटंट मिळाले. तीत निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव तांबड्यासाठी, पाव निळ्यासाठी. हिरव्याला झुकते माप का? कारण उजेडाचे बारकावे आपल्या डोळ्याला हिरव्यातच अधिक कळतात. बहुतेक मोबाईलांत आजही हीच मांडणी आहे.

चाळिशीवरचा एक उतारा १९८५ साली बाजारात आला. जपानच्या मिनोल्टा कंपनीचा '७०००' हा कॅमेरा भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश आतल्या आत ताडून पाही. दोन्ही प्रतिमा जुळेपर्यंत छोटी मोटर भिंग फिरवी. हिशेब करी एक चिमुकला संगणक. नजर अधू झालेल्या माणसाला अशा कॅमेऱ्याने मोठा आधार दिला. लग्नाच्या मांडवात धावपळ करणाऱ्या फोटोवाल्यांना विचारून पाहा.

मग डोळ्याचे काम संपले काय? मुळीच नाही. अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडद्यासमोर बसून फोटो सुधारला, तर छापल्यावर तो काळवंडलेला निघतो. पडदा उजळ असल्यामुळे आपण चित्र नकळत गडद करून ठेवतो. म्हणून जाणकार मंडळी खोलीतला उजेड सारखा राखतात, पडद्याचे रंग मापकाने तपासून घेतात आणि वेळेवर डोळेही तपासून घेतात. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असते. ते फिरवून खिडकी आपल्या नजरेला जुळवता येते. अनेकांना ते ठाऊकच नसते!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक प्रयोग वर्गात करा. शेवंतीच्या एका फुलाचा फोटो घ्या आणि तोच दोन निरनिराळ्या मोबाईलांवर मुलांना दाखवा. पिवळा रंग दोहोंवर सारखा दिसेलच असे नाही. खरा कोणता, असे मुलांना विचारा. मुले टेबलावरच्या फुलाकडे वळतील, आणि वळावेच. यंत्र रंग मोजून सांगते. पण फोटो त्या फुलाशी प्रामाणिक आहे की नाही, याची साक्ष फूल पाहिलेल्या डोळ्यालाच द्यावी लागते. ती साक्ष खरी राहावी, म्हणून डोळा आणि यंत्र दोन्ही जपायचे.