रोवणीनंतर, भरतीच्या सरावानंतर अंग का आंबतं? आणि कधी घाबरायचं?

पाऊस जमला की गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू होते. सवय मोडलेलं अंग दिवसभर चिखलात वाकतं. त्या संध्याकाळी फारसं जाणवत नाही, पण दुसऱ्या सकाळी कंबर आणि मांड्या अशा भरून येतात की खाली बसणंही नको वाटतं. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी किंवा वनरक्षक भरतीच्या ५ किलोमीटरसाठी पहिल्यांदा मैदानात उतरलेल्या मुलांचंही हेच होतं.

याचा दोष हमखास 'लॅक्टिक ॲसिड'वर जातो. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. हे दुखणं मात्र १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतं. म्हणजे हिशेबच जुळत नाही. स्नायूच्या आतच बारीक फाटाफूट होत असावी, असं थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच सुचवलं होतं.

स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, तेव्हा ही इजा जास्त होते. उतारावरून धावणं, पायऱ्या उतरणं, वजन हळूहळू खाली ठेवणं ही त्याची उदाहरणं. मग दुरुस्ती सुरू होते, सूज येते आणि तिथल्या मज्जातंतूंची संवेदना वाढते. हलकं चालणं आणि शेक यांनी आराम पडतो. स्ट्रेचिंगचा यात फारसा उपयोग होत नाही, कितीही सांगितलं जात असलं तरी. पाच-सात दिवसांत दुखणं जातं, आणि काही आठवड्यांच्या आत तेच काम पुन्हा केलं तर त्रास बराच कमी होतो.

क्वचित मात्र स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात फुटतात. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पेशींतलं मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होणं, स्नायू टणक सुजणं, हातपाय उचलता न येणं ही त्याची लक्षणं. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. लघवीचा रंग बदलला तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तातल्या 'सीके' या घटकाची तपासणी होते आणि सलाईन लवकर लागलं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अशा वेळी मनानेच वेदनाशामक गोळी घेणं मूत्रपिंडांवर आणखी ताण आणतं.

गोंदियासाठी यात एक जादा मुद्दा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलचे वाहक एरवी निरोगी असतात, आजारी नव्हेत. पण अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ सालच्या अभ्यासात, वाहकांना ऱ्हॅब्डोचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. मृत्यूचं प्रमाण मात्र वाढलेलं नव्हतं. वाहकाने सराव करूच नये असा याचा अर्थ नाही. अंतर हळूहळू वाढवावं, मध्ये थांबावं, पाणी प्यावं, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात वेळ लावून धावू नये. ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी सराव सोडावा.

वाहक आहोत का, हे सोल्युबिलिटी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या चाचण्यांतून कळतं. सरकारी आरोग्य यंत्रणेत ही तपासणी होते. भरतीची तयारी सुरू करण्याआधी ती करून घेता येते.